मोरीवरच्या टमाट्यांचे गिरदावर

मोठा टमाटा आमच्या घरमालकांना अजिबात खपत नसे. बाजारात कुणाच्या पाटीत पेरूएवढा टमाटा दिसला की ते थांबत, काठीचं टोक त्याच्याकडे करत आणि विकणारीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "हा तहसीलदार. अंगानं मोठा, आत नुसतं पाणी." मग कोपऱ्यात पडलेल्या, बोराएवढ्या, कुणी हात न लावलेल्या ढिगाकडे वळत. "आन् हे चपराशी. कचेरी हेच चालवतेत."

"मग घ्या की चपराशी," विकणारी म्हणे.

"माझ्या घरी हायेत," म्हणून ते पुढे चालायला लागत. घ्यायचं काही नसताना ते दर बाजाराला जात. तपासणीला.

तपासणी हा त्यांचा जन्मभराचा धंदा. निजामाच्या राज्यात ते गिरदावर होते. म्हणजे गावोगाव हिंडून शेतं, पिकं, बांध बघायचे आणि वर कळवायचं. मी गंगाखेडला राहायला गेले तेव्हा ते राज्य गेलं होतं, नंतरचं हैदराबाद स्टेटही मोडून आम्ही मुंबई राज्यात आलो होतो. गिरदावर घरी बसले होते. पण हे त्यांना कुणी नीट सांगितलं नसावं. कारण रोज सकाळी अंघोळ झाली की ते गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट घालत, काठी घेत आणि सरकारी दौऱ्यावर निघाल्यासारखे मागच्या अंगणात जात. अंतर वीस पावलं. तिथं मोरीच्या पाण्यावर टमाट्याचे सहा वेल आपले आपण उगवून वाढले होते. याला ते मुआयना म्हणत.

सहाही वेलांना त्यांनी आपल्या नोकरीतल्या तालुक्यांची नावं दिली होती. आम्हाला भिंतीतून ऐकू येई. "पाथरी, शाब्बास. जिंतूर, ठीक. कळमनुरी, काय हे? आठ दिसांत दोन?" एकदा दुपारी ऊन कडक होतं तर ते कळमनुरीवर छत्री धरून उभे होते. मी हसले, तर म्हणाले, "हसू नकू. गरीब तालुका हाय."

मी हसणारच. मी त्या वेळी एकोणीस वर्षांची होते आणि मला सगळ्यांचंच हसू यायचं, माझं सोडून. खरं तर हसण्यासारखं सगळ्यात जास्त मीच होते. दोन वेण्या, त्यांना लाल रिबिनी, तोंडाला पावडर, आणि देह असा की आत्या म्हणायची, "वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड घालून हिंडत जा." वालूरहून शिकायला म्हणून आत्याकडे आले, परीक्षा पास झाले आणि मुलींच्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमल्याचा कागद आला. त्यातला 'शिक्षिका' हा शब्द मी दिवसातून अकरा वेळा वाचत होते. त्याच्या खालची ओळ एकदाही वाचली नव्हती. तब्येत ठीक असल्याचा जिल्ह्याच्या डॉक्टरांचा दाखला जोडावा, अशी ती ओळ होती.

ती आत्यानं बोट ठेवून वाचली आणि मला परभणीला नेलं. डॉक्टरांना निरोगी दिसावं म्हणून मी काय करावं? दोन्ही गालांना कुंकू चोळलं, वर पावडर मारली. आरशात मला वाटलं, काश्मीरची दिसते. डॉक्टरांनी बोटानं माझी खालची पापणी ओढली, आत पाहिलं आणि म्हणाले, "इथं कुंकू लावायचं राहिलं वाटतं."

आत पांढरं होतं. अंगात रक्त कमी. "दिवसभर पोरींसमोर उभी राहिलीस तर चक्कर येऊन पडशील. संक्रांतीनंतर ये. पापणी लाल दिसली तर सही करतो, नाहीतर नाही." गोळ्यांची चिठ्ठी दिली. त्या गोळ्या मी तीन दिवस घेतल्या, पोट दुखलं, बंद केल्या आणि कुणाला सांगितलं नाही.

वालूरहून बाबा आले. माझे बाबा चांगले होते, पण साधा हिशेब करणारे. म्हणाले, "संक्रांतीपस्तोर थांबतो. दाखला आला तर कर नोकरी. न्हाई आला तर मानवतच्या स्थळाला हो म्हणतो."

मानवतचा मुलगा वाईट नव्हता. मला बघायला आले तेव्हा त्याच्या वतीनं त्याचे काका बोलले, काकांच्या वतीनं आजोबा बोलले, आणि तो स्वतः एकदाच बोलला. "पाणी." मी पाणी दिलं. एवढ्यावर जन्म काढायचा, या कल्पनेनं माझं होतं तेही रक्त आटलं.

आमच्या आणि गिरदावरांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, आणि आत्याचा आवाज दोन भिंतींना पुरेल असा. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर काठी वाजली.

"पोरी, दिसाला किती चहा पितीस?"

"चार कप," मी अभिमानानं सांगितलं. चहा म्हणजे सुधारणा, असं माझं मत होतं.

"जेवल्यावर?"

"लगेच."

"बंद. सकाळी एक कप, तेबी उपाशीपोटी न्हाई. आन् उद्यापासून मुआयन्याला हजर राहायचं."

"कशाला?"

"तुला मास्तरीण व्हायचं का मानवतला जायचं?"

मी हजर राहिले.

तिथं त्यांनी मला टमाटा निवडायला शिकवला, आणि अशा गांभीर्यानं की जणू मी जमीन विकत घेत होते. आधी नुसतं बघायचं. वेलावर पूर्ण लाल झालेला, साल ताणलेली, चकाकणारा. मग तळहातावर घ्यायचा. अंगाच्या मानानं जड लागला पाहिजे. मग देठाशी नाक न्यायचं. "वास आला तर मंजूर. न्हाई आला तर तारीख द्यायची, दोन दिसांनी पुन्हा." तडकलेला त्याच दिवशी खायचा, मऊ पडलेला वेलाखाली टाकायचा, आणि तोडताना देठासकट तोडायचा. देठ ओढून काढलं की ते असे कळवळत की मला वाटे मी कुणाचा तरी कान ओढलाय.

ठेवण्याचे कायदे वेगळे. सुपात गव्हाचं वाळलं काड पसरायचं. त्यावर टमाटे एका थरात मांडायचे, एकाला दुसऱ्याचा धक्का लागता कामा नये. "शेजारी असावा, अंगावर नसावा." पिकलेले एका बाजूला, अर्धे कच्चे दुसऱ्या बाजूला. उन्हात नाही, चुलीजवळ नाही, झाकण लावून तर मुळीच नाही. आणि ठेवायच्या आधी धुवायचं नाही. धुवायचं ते खायच्या वेळी, तेही तीन पाण्यांनी, कारण मोरीवरचे आहेत. रोज सुपावरून नजर फिरवायची आणि एखादा बिघडला तर लगेच बाहेर काढायचा. "एक नासका सगळ्या मौज्याला नासवतो," म्हणत. मौजा म्हणजे गाव.

रोज सकाळी माझ्या ओंजळीत दहा टमाटे मोजून पडू लागले. मी ते पदरात घेऊन घरी यायची आणि मागच्या भिंतीवरून शेजारच्या शेळीला टाकायची. मोरीवरचे टमाटे खायला मी काय खेडवळ होते? (होते. वालूरहून कालच आलेली.) शेळी मला बघितलं की भिंतीला पाय लावून उभी राहू लागली.

आठ दिवसांनी गिरदावर मुआयन्यात म्हणाले, "काल मी शेळीच्या पापण्या बघितल्या."

मी वेलाची पानं मोजायला लागले.

"लाल हायेत. लय छान. नोकरी शेळीला लागंल."

त्या दिवशी लाजेनं मी पहिला टमाटा तिथंच, त्यांच्या समोर तोंडात टाकला. त्यांनी सांगितलं होतं ओठ मिटून चाव. मी ऐकलं नाही. रस उडाला तो थेट त्यांच्या काळ्या कोटाच्या तिसऱ्या बटणावर. त्यांनी बटण पुसलं, विचारलं, "कसाय?"

काय सांगू! आधी आंबट, मग गोड, मग पुन्हा काहीतरी, ज्याला नाव नाही. मी दुसरा तोंडात टाकला. मग तिसरा. ओठ मिटून.

"हळू," ते म्हणाले. "तालुका संपंल."

नंतर त्यांनी मला खाण्याच्या रीती सांगितल्या. ते विधुर होते, स्वतः रांधत आणि चांगलं रांधत. टमाटे निखाऱ्यावर जरा भाजायचे, लसूण, हिरवी मिरची, मीठ घालून दगडानं ठेचायचे, वर करडईचं कच्चं तेल. सोबत बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, मूठभर शेंगदाणे, शेवटी गुळाचा खडा. "नुसता टमाटा म्हणजे नुसता हुकूम. तामील करायला माणसं लागतेत. भाकरी, भाजी, गूळ ही माणसं."

आता अडचण आत्याची. आत्यानं गळ्यात माळ घातलेली. कांदा-लसूण नाही, मसूर नाही, आणि टमाटा तर नाहीच नाही. त्या काळी आमच्याकडे कितीतरी माळकरी घरांत टमाटा चालत नसे. आत्या कारण सांगायची, "कापला की मासावानी दिसतो. शिव शिव. ती विलायती ब्याद माझ्या चुलीम्होरं नको." भाकरी, मेथी, गूळ तिच्याकडे मिळायचं, टमाटा मी भिंतीपलीकडे उभ्यानं खायची.

पण थंडी वाढली तसे वेल असे लागले की गिरदावर एक दिवस म्हणाले, "आता तुझं तू जतन कर. राखायला आलं तर शिकलीस." आणि तीस टमाटे दिले. सूप काढलं तर आत्याला दिसणार. मी घरभर अंधारी, कोरडी, थंड जागा शोधली. मला सापडली ती वरच्या फळीवरची आत्याची घोंगडी. चार घड्या घालून ठेवलेली, काळी, उबदार. मी विचार केला, काडापेक्षा लोकर मऊ. प्रत्येक घडीत टमाट्यांची ओळ लावली, वर दुसरी घडी, पुन्हा ओळ. आपल्या हुशारीवर इतकी खूष झाले की झोपेतही हसले असेन.

ही घोंगडी आत्या फक्त एकादशीला काढते, हे मला माहीत होतं. परवा एकादशी आहे, हे माहीत नव्हतं. शिक्षिका होणार होते, पण पंचांग बघायची अक्कल नव्हती.

एकादशीला दुपारी गल्लीतल्या पाचसहा बाया पोथी ऐकायला जमल्या. पाटावर पोथी, पुढे निरांजन. आत्या म्हणाली, "थांबा गं, बसायला घेते," आणि उठून फळीवरची घोंगडी एका झटक्यात ओढली.

टप. टप टप. टपटपटपटप.

टमाटे पोथीवर पडले, निरांजनावर पडले, बायांच्या ओटीत पडले. एक घरंगळत देवाच्या पायाशी जाऊन थांबला, नमस्कार केल्यासारखा. खालच्या घडीतले फुटले होते, घोंगडीतून लाल पाणी गळायला लागलं. एक म्हातारी किंचाळली, "रगत! रगत आलं गं घोंगडीला!" दुसरी एक उचलून उजेडात धरून म्हणाली, "रगत कशाचं, टमाटं हाय."

आत्या हलली नाही. घोंगडीचं टोक हातात धरून तिनं फक्त माझ्याकडे मान वळवली. मला मानवत दिसायला लागलं.

"आजच वालूरला धाडते हिला," आत्या म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. लावू दे बापाला लगीन."

तेवढ्यात दारात काठी वाजली. एवढा गलका भिंतीपलीकडे पोचला नसता तरच नवल. गिरदावर आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी सगळा देखावा डोळ्यांखालून घातला. मग माझ्याकडे बघून आधी मलाच बोलले. "एकावर एक? घडी घालून? वारा न्हाई, काय न्हाई? एवढं शिकवलं त्याचं हे केलंस?" आणि मग आत्याला, "आक्का, पंचनामा करू का?"

"करा की. तुमचेच हायेत हे चोर."

"कुठं कुठं पडले?"

"दिसंना का? पोथीवर पडले!"

"पोथी चालू व्हती?"

"लावली व्हती. वाचायची व्हती."

"म्हंजे पोथी ऐकायला आले व्हते." गिरदावरांचा चेहरा कोर्टात असतो तसा. "न बोलावता आले. एकादशीला आले. एक तर देवाच्या पायावर डोकं टेकून बसलाय, बघा. आक्का, हे टमाटे माळकरी झाले. माळकऱ्याला घरातून हाकलता का?"

बाया एकमेकींच्या पाठीमागे तोंड लपवून हसू लागल्या. आत्याच्या ओठांचा कोपरा थरथरला. पण आत्या माघार घेणारी नव्हती.

"माळकरी झाले ना? मग त्यास्नी एकादस धरू द्या," ती म्हणाली. "आज उपाशी बसतील कोपऱ्यात. उद्या बारस सोडताना काय ते बघू. पोरी, उचल सगळे. आन् आधी घोंगडी धू!"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात तीन दगडांची वेगळी चूल मांडली, वेगळं गाडगं आणलं आणि तोंड दुसरीकडे फिरवून मला टमाट्याचं सार करायला लावलं. "मी बघणार न्हाई, हात लावणार न्हाई," म्हणाली. पण सार उकळायला लागलं तशी पाठमोरी असूनच बोलली, "जिरं कमी पडलं गं. वासावरून कळायलंय." आणि थोड्या वेळानं, "गूळ टाक चिमूटभर. तब्येतीचं करायलीस तर नीट कर." तिनं ते सार शेवटपर्यंत चाखलं नाही. पण त्या दिवसापासून आमच्या खिडकीत काड पसरलेलं सूप आलं, आणि रोज सकाळी नासका टमाटा आधी कुणाला दिसतो याची आत्या आणि गिरदावर यांच्यात भिंतीवरून चढाओढ लागली.

संक्रांत झाली. आत्याचे गुडघे धरलेले, म्हणून परभणीला माझ्यासोबत गिरदावर आले. गाडीत त्यांनी कोटाची सगळी बटणं लावून घेतली. परभणी जवळ आलं तशी मी उगाचच गाल पुसून घेतले. या खेपेला गालाला काही लावलं नव्हतं.

डॉक्टरांच्या खोलीत कंपाउंडर होता, आणि बाकावर छानशा साड्यांतल्या परभणीच्या दोन बायका बसल्या होत्या, हातात पर्स. डॉक्टरांनी माझी पापणी ओढली. थोडा वेळ बघितलं. दुसरी ओढली.

"अरे वा. काय घेतलंस?"

मी त्या पर्सकडे बघितलं. माझ्या तोंडून 'मोरीवरचे टमाटे' हे शब्द निघेनात.

"टॉनिक," मी म्हटलं.

"कोणतं?"

"विलायती."

गिरदावर दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते.  डॉक्टरांनी कागदावर सही केली, शिक्का मारला. मी कागद घेतला आणि बाहेर आले.

फाटकाशी गिरदावरांनी कागद मागितला, दूर धरून पाहिला, परत दिला. "चल. गाडीला वेळ हाय, रसवंतीवर बसू." एवढंच. ते रागावले असते तर मी भांडले असते, तोंडाची तिखट होतेच. पण ते नेहमीसारखे चालायला लागले, आणि मला त्यांच्या कोटाची पाठ दिसली, विटलेली, खांद्याशी विरलेली. शेळीला टाकलेले टमाटे उघडकीला आले तेव्हा वाटली नव्हती एवढी लाज आता वाटली. दोन महिने रोज दहा टमाटे मोजून देणारा माणूस, आणि मी त्याला एका पर्सपायी विलायती बाटलीत बुडवला.

मी मागे फिरले. हातातला कागद परत गेला तर पुढे मानवत, हे कळत होतं. पाय थांबले नाहीत. सरळ आत जाऊन कागद टेबलावर ठेवला आणि एका दमात म्हटलं, "डॉक्टर, टॉनिक नव्हतं. टमाटे खाल्ले. लहान. मोरीवरचे. ह्यांच्या घरचे." गिरदावर धापा टाकत माझ्या मागे पोचलेच होते.

पर्सवाल्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, "मग?"

"मी खोटं बोलून सही घेतली."

"पापणी खोटी आहे का तुझी?"

"नाही."

"मी सही पापणीवर केली, तुझ्या बोलण्यावर नाही. शिवाय," त्यांनी पेनाचं टोक माझ्या पदराकडे केलं, "टॉनिकची बी पदराला चिकटत नाही."

पदरावर टमाट्याचं वाळलेलं बी होतं. गाडीत डब्यातले टमाटे खाल्ले होते, त्यातलं.

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला. मग सोबत काय काय खाल्लं ते खोदून विचारलं. बाजरी, मेथी, शेंगदाणे, गूळ, चहा बंद. ते मान डोलवत गेले. "एकट्या टमाट्याचं काम नाही हे. भाकरीत आणि पालेभाजीत जे असतं ते आंबटासोबत अंगी लागतं, चहासोबत लागत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई साहेब," गिरदावर म्हणाले. "तीस वर्सं गावोगाव जेवलो. कोण काय खातं आन् कसं दिसतं, ते बघत गेलो."

डॉक्टरांनी खिडकीतून मागं पाहिलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "माझ्या क्वार्टरच्या मागंही मोरी आहे. बी मिळेल का थोडं?"

मला वाटलं, गिरदावर कमरेत वाकून "हुजूर, आजच पाठवतो" म्हणतील. गिरदावर वाकले नाहीत. त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, सरळ केली आणि म्हणाले, "दरख्वास्त द्यावी लागंल."

कंपाउंडरनं जीभ चावली. डॉक्टरांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा त्या कोटाकडे. मग खुर्ची पुढे ओढून, औषधांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून, एका चिठ्ठीवर नीट चार ओळींचा अर्ज लिहिला, खाली सही केली आणि उभं राहून दोन्ही हातांनी पुढे केला.

गिरदावरांनी तो पूर्ण वाचला. डॉक्टरांचंच पेन मागून घेतलं. टेबलावर वाकले आणि अर्जाच्या कोपऱ्यात उजवीकडून डावीकडे, उर्दूत, झरझर काहीतरी लिहिलं, खाली लांब शेपटीची सही ओढली. कचेरीनं ही लिपी सोडून दिल्यापासून त्यांच्या सहीसाठी कुणी कागद पुढे केला नव्हता. तरी सही एकदाही अडली नाही.

डॉक्टर अर्जावर मान वाकडी करून बघत राहिले. "मला हे वाचता येत नाही हो. काय लिहिलंत?"

"मंजूर," गिरदावर म्हणाले.